मांदेली साफ होईपर्यंत

काल सकाळी अकराच्या सुमारास दारात एक पांढरा डबा आला. आणणाऱ्याने हेल्मेटसुद्धा न काढता तो माझ्या हातात ठेवला, स्वतःच्या फोनवर बोट टेकवलं आणि लिफ्टचं दार मिटायच्या आत तो आत शिरलाही. डब्यात अर्धा किलो मांदेली होती. डोकी खुडलेली, पोटं साफ केलेली, धुऊन, निथळून, बर्फाच्या पिशवीवर ओळीने निजवलेली. मी डबा नाकाशी नेला. वास आला नाही. पुन्हा नेला, तरी आला नाही. मासे ताजे होते, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण जिचा जिन्यात वास येत नाही, जिच्यावरून शेजारी कपाळाला आठ्या घालत नाहीत आणि जी साफ करताना कुणाचा पाऊण तास जात नाही, ती मला मांदेलीच वाटेना. डबा ओट्यावर ठेवला आणि उगीचच दार उघडून बाहेर पाहिलं. बाहेर चकचकीत फरशी होती आणि शेजाऱ्यांचा चपलांचा स्टँड होता.

मासे न खाणाऱ्या वाचकांसाठी सांगते. मांदेली म्हणजे बोटाएवढी सोनेरी मासळी. एका वाट्यात पन्नास-साठ सहज येतात आणि प्रत्येकीचं डोकं वेगळं खुडावं लागतं, प्रत्येकीचं पोट वेगळं काढावं लागतं. पापलेट दोन मिनिटांत होतं, सुरमईच्या तुकड्या चार मिनिटांत पडतात, कोलंबीला वीस मिनिटं धरा. मांदेलीला मात्र पाऊण तास, आणि तोही सराईत हातांना. हे वेळेचं गणित मला पाठ आहे, कारण पाचएक वर्षं आमच्या घरात कोणता मासा शिजणार हे चवीवर, ऋतूवर किंवा खिशावर ठरत नसे. ते कादंबरीच्या प्रकरणाच्या लांबीवर ठरत असे.

त्याला कारण माझ्या सासूबाई. अंधेरीतल्याच एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षं मराठी शिकवलं होतं आणि त्यांचा एक सिद्धान्त होता. जगातल्या झाडून साऱ्या थोर कादंबऱ्यांमध्ये एकच गोष्ट सांगितलेली आहे, असं त्या म्हणत. माणूस स्वप्न घेऊन निघतो, वाटेत त्याला पैसा भेटतो आणि मग तो पोहोचतो ते भलतीकडेच. हे त्यांनी किती मुलांना किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. त्यांच्यापैकी एक जण पुढे बिल्डर झाला. एकदा बाईंना भेटायला आला तेव्हा त्याची गाडी फाटकातून आत येईना, म्हणून वॉचमनला दोन स्कूटर उचलून बाजूला ठेवाव्या लागल्या. वर येऊन त्याने बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "बाई, तुमचं ते पैशाचं लेक्चर अजून आठवतं मला." सासूबाईंना अगदी भरून आलं. मी चहा करायला आत पळाले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर या सिद्धान्ताला वर्ग उरला नाही. त्यांनी आधी आपल्या मुलावर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर प्रयोग केला. तो पेपरमागून हूं हूं करत राहिला. मग माझ्यावर केला. मी तेव्हा घरी बसून अनुवादाची कामं करत असे. अनुवाद म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे काहीतरी भारदस्त येईल, म्हणून खुलासा करते: औषधांच्या खोक्यांत घड्या घालून कोंबलेला जो कागद असतो, तो मी मराठीत आणत असे. 'क्वचित प्रसंगी अंगावर पुरळ उठू शकते' हे माझं वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी वाचलेलं असणार. कॉलेजात असताना मला कथा लिहायच्या होत्या. पण पुरळाला पैसे बरे मिळत. सासूबाई माझ्या टेबलाशी येऊन, चष्म्यावरून त्या कागदाकडे पाहून, काही न बोलता परत जायच्या. त्यांचं ते न बोलणंच माझ्यावरचं लेक्चर होतं.

अशा वेळी त्यांना विद्यार्थिनी मिळाली ती आमची मासेवाली मावशी. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, सासूबाईंच्याच वयाची. बुधवार, शुक्रवार, रविवार अकराच्या ठोक्याला डोक्यावर पाटी घेऊन आमची तेव्हाची चार मजली, लिफ्ट नसलेली इमारत चढायची आणि तिसऱ्या मजल्यावर आमच्या दारात पाटी उतरवून, कोयता मांडून बसायची. सासूबाईंना सगळी दुनिया बाई, अहो बाई करायची. ही एकटी त्यांना तू म्हणायची, आणि त्यांना ते चालायचं. एकदा ती कोलंबी सोलत बसली असताना सासूबाई स्टुलावर बसून स्वतःशीच एक कादंबरी मोठ्याने वाचत होत्या. मावशीने दोन पानं ऐकून घेतली आणि विचारलं, "बाय, त्या पोर्‍याला आई नाय का गो? असं थंडीत कुनी पाठवतं का पोराला?" चौतीस वर्षांत वर्गातून असा प्रश्न आला नव्हता. सासूबाईंनी पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

तिथून मग आमचा आहार परदेशी वाङ्मयाच्या हवाली झाला. आदल्या दिवशी सासूबाई प्रकरणाची पानं बघून ठेवत. प्रकरण तीन-चार पानांचं असेल तर पापलेट. दहा पानांचं असेल तर कोलंबी. त्यापुढे मांदेली. नवऱ्याचा पापलेटवर जीव. तो मंगळवारी आईच्या उशाचं पुस्तक चोरून उघडायचा आणि उद्याचं प्रकरण लहान निघालं तर शीळ घालत अंघोळीला जायचा. पण त्या मुलखातल्या लेखकांना हवापाण्याची वर्णनं करायची फार हौस. कादंबरीत बर्फ पडायला लागला की आमच्याकडे मांदेली. एका हिवाळ्यात सलग पाच वार मांदेली खाल्ल्यावर नवऱ्याने, "आई, हे लोक उन्हाळ्यातलं काही लिहीत नाहीत का?" असं काकुळतीला येऊन विचारलं होतं.

श्रोतेही वाढत गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी अकरा वाजता आपलं दार वीतभर उघडं ठेवून डाळ निवडायला बसत. चौथ्या मजल्यावरच्या काकू कट्टर शाकाहारी. त्या नाकाला पदर लावून, हातात पेटती उदबत्ती घेऊन वरच्या पायऱ्यांवर बसत. सोसायटीच्या सेक्रेटरीने 'जिन्यात मासे साफ करू नयेत' अशी सूचना लावली, तर सासूबाईंनी तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून खाली दहापैकी चार गुण दिले. पुन्हा सूचना लागली नाही. मी मात्र या वर्गात कधी अधिकृतपणे बसले नाही. दाराला लागूनच माझं टेबल होतं. पुरळ आणि मळमळ यांच्या मधोमध बसून मला सगळं ऐकू यायचं.

ज्या कादंबरीची गोष्ट मला सांगायची आहे, तिचं नाव मला सांगता येणार नाही, कारण तिचं कव्हर आणि पहिली पानं आमच्याकडे येण्याआधीच गेलेली होती. मराठी भाषांतर, जुनं, पिवळं, फार जाड. सासूबाईंचं सगळ्यात लाडकं. नायक एका घड्याळजीचा मुलगा. गावाच्या मनोऱ्यावर एक घड्याळ बसवायचं, जे दर तासाला वेगळं गाणं वाजवेल, असं त्याचं स्वप्न. निम्मं घड्याळ तयार होतं आणि पैसे संपतात. मग गावातला चरबीचा एक मोठा व्यापारी त्याला जेवायला बोलावतो, धंद्यात भागी देऊ करतो, वर मुलगीही देऊ करतो. मावशीने हे व्यापाऱ्याकडचं जेवण ऐकताक्षणी कोयता थांबवला. "गेला हा," ती म्हणाली. "पयले जेवायला घालतात, मग पोरगी दाखवतात. माज्या भावाला असंच धरला." वरून उदबत्तीवाल्या काकूंनीही सुस्कारा सोडला. नायकाने अजून होकार दिलेला नव्हता. घड्याळ अजून टेबलावर होतं.

एप्रिल महिना होता. आम्ही त्या जेवणाच्या जरासे पुढे आलो होतो आणि एका बुधवारी मावशीने पाटी उतरवली, पण मासे काही काढले नाहीत.

"बाय, एक इचारायचं हाय तुला," ती म्हणाली. "लिंक रोडचा एक हॉटेलवाला आलेला. माजी होडी पायजे म्हनतो. दर्यात घालायला नाय. हॉटेलात ठेवायला. मधून कापनार आणि दोन टेबलं करनार. आत बसून लोक सूप पिनार."

"मधून कापणार?" सासूबाईंनी विचारलं.

"मधून. पन पैसे एवढे देतो की मी दोनदा इचारलं, तू शुद्धीत हायेस ना."

नवरा गेल्यापासून ती होडी मावशीच्या नावावर होती. दीर तिच्यावर मासेमारीला जायचा, पण लाकूड जुनं झालेलं, दर आठवड्याला काही ना काही दुरुस्ती. विकली तर मावशीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होणार होतं, घराचं छप्पर होणार होतं, आणि पाटी कायमची उतरणार होती. "मग तुमचे तीन मजले चढायला मी काय येत नाय," असं तिने स्पष्ट सांगून टाकलं. आणि तरी तिचं मन होत नव्हतं.

"चाळीस वर्सं मासा विकला मी," ती म्हणाली, "पन पाण्यातला मासा कवा नाय बघितला. आमच्यात बायका दर्यात नाय जात. लगीन होऊन आले तवा घरवाल्याला बोलले, मना एकदा ने. बोलला, नेतो. मग पोरं झाली, मग ह्ये झालं, मग त्ये झालं. होडी हाय तवर वाटतं, जाईन कवातरी. होडी गेली की संपलं." मग तिने सासूबाईंच्या मांडीवरच्या पुस्तकाकडे बोट केलं. "त्या पोर्‍याचं पन असंच हाय ना? घड्याळ धरू का चरबीवाल्याकडे जाऊ. त्याचं काय होतं ते कळू दे, मग मी हॉटेलवाल्याला सांगते. त्याने मेअखेरपर्यंत टाईम दिलाय."

त्या दिवशी सासूबाई जमिनीला पाय न लावता घरभर फिरल्या. संध्याकाळी नवरा आल्याबरोबर त्यांनी त्याला सांगितलं, "एक स्त्री आपल्या आयुष्याचा निर्णय साहित्याला विचारून घेणार आहे." नवऱ्याने विचारलं, "शुक्रवारचं प्रकरण किती पानांचं?" पण सासूबाईंचा आनंद अगदी खरा होता. त्यांच्या सिद्धान्तावर आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी वजन टाकणार होतं. शिवाय पुस्तक पूर्णपणे त्यांच्या बाजूचं होतं. नायक चरबीवाल्याकडे जातो, गब्बर होतो, घड्याळ माळ्यावर जातं, मग धंदा बुडतो, बायको सोडून जाते आणि शेवटच्या पानावर मनोऱ्याच्या पायथ्याशी बर्फात तो मरून पडलेला सापडतो, मुठीत घड्याळाचं एक चाक. हे पान वाचताना सासूबाई दर वेळी रडायच्या. हे ऐकल्यावर मावशी होडी विकेल, हे शक्यच नव्हतं.

शुक्रवारी मी माझ्या टेबलाशी होते आणि सासूबाई लवकरच स्टूल घेऊन दारात बसल्या होत्या. खालून मावशीची चाहूल लागली. एक पाऊल, मग दुसरं त्याच पायरीवर, मग कठड्यावर हाताची पकड, मग श्वास. पुन्हा एक पाऊल. पाच वर्षं ती अशीच वर येत होती, पण आम्हाला ती दिसायची ती थेट दारात, हसत, घाम पुसत. त्या दिवशी सासूबाईंनी तिला पहिल्या पायरीपासून ऐकलं. मी मान वर करून पाहिलं तर त्यांचा चेहरा उतरलेला होता, तपासलेले पेपर घरीच विसरून वर्गात आल्यासारखा.

तिथून त्यांनी वेळ काढायला सुरुवात केली. पुस्तकात शेवटची चारच प्रकरणं राहिली होती. त्यांची त्यांनी पाच आठवडे लांबण लावली. कादंबरीत बर्फ पडला तो थांबेचना. चरबीवाल्याचा घोडा हरवला. नायकाची एक मावशी, जिचा पुस्तकात कुठे मागमूस नव्हता, ती येऊन राहिली आणि तिने साग्रसंगीत एक लग्न जमवलं, ज्यात मानपानावरून भांडणं झाली. परदेशातल्या त्या थंड गावात वरमाईला रुखवत कमी पडला तेव्हा मी खोकला आल्याचं सोंग करून आत गेले. आम्ही मांदेली तळलेली खाल्ली, कालवणातली खाल्ली, भुजणं करून खाल्लं. नवरा म्हणाला की पुढच्या बुधवारी तो मटण खाईल, आणि त्याला कोणी अडवू नये. शेवटी मावशीचाच संयम संपला. "बाय, ह्या पुस्तकात तीन आठवडे कायच घडत नाय," ती म्हणाली. "हॉटेलवाला रोज फोन करतो. पोर्‍याचं काय झालं ते बुधवारी सांग."

त्या मंगळवारी दुपारी सासूबाई पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीत बसल्या होत्या. जेवल्याही नाहीत नीट. मी विचारलं तर म्हणाल्या, "उजळणी करतेय."

बुधवारी मांदेलीचे दोन वाटे होते. वहिनींचं दार सताड उघडं होतं, काकू उदबत्ती लावायच्या विसरल्या होत्या. सासूबाईंनी पुस्तक उघडून शेवटचं पान समोर धरलं आणि वाचायला लागल्या. आणि मला आतून ऐकू आलं ते पानावर नव्हतंच. नायक चरबीवाल्याच्या धंद्यात गेला. धंदा वाढला. बायको चांगली निघाली. मुलं शिकली. घराला नवीन छप्पर झालं. म्हातारपणी त्याचे गुडघे दुखू लागले, तेव्हा त्याने ऐपतीप्रमाणे उत्तम वैद्य गाठला आणि गुडघे अगदी बरे झाले. खिडकीशी मऊ खुर्ची टाकून तो ऊन खात बसे. सासूबाईंचा आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत होता. चौतीस वर्षांच्या सिद्धान्ताचा गळा त्या स्वतःच्या हाताने आवळत होत्या आणि मधे कुठे अडखळत नव्हत्या.

"याचे गुडघे कवापासून दुखत होते?" मावशीने विचारलं. "आतापर्यंत पुस्तकात आलं नाय."

"म्हातारपणी दुखायला लागले. येतं ते पुढे."

मावशी मांदेली खुडत राहिली. मग म्हणाली, "आणि त्ये घड्याळ?"

"माळ्यावर."

"काढून बघितलं नाय कवा?"

"नाही."

"आणि त्याला काय वाटलं पन नाय?"

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "नाही गं. सुखात होता तो. विसरून गेला."

मावशीने हातातली मांदेली तशीच खाली ठेवली. "मग तो मेलाच की गो," ती म्हणाली. "मेला, आणि कुनी सांगितलं पन नाय त्याला."

 सासूबाई घाईघाईने म्हणाल्या, "अगं, पण छप्पर झालं, गुडघे बरे झाले, मुलांचं झालं," आणि पैशाच्या बाजूने त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं असं एक छोटंसं भाषण केलं. फार वाईट झालं ते. विषयाची तयारी नव्हती. मावशीने राहिलेली मांदेली साफ केली, कोयता पुसला, पाटी डोक्यावर घेतली आणि खाली गेली. एक पाऊल, मग दुसरं त्याच पायरीवर.

शुक्रवारी ती आली नाही. रविवारीही नाही. सासूबाई अकरा वाजता स्टुलावर बसून राहायच्या आणि बाराला उठायच्या. "चुकलं माझं," एवढंच म्हणायच्या. होडी ठेवायचं तिने ठरवलं असणार, असं आम्हाला वाटत होतं. मेअखेर तीन-चार दिवसांवर आली होती. एक जूनला मासेमारी बंद झाली की हॉटेलवालाही दुसरी होडी शोधणार होता.

बुधवारी ती आली ती पाटीशिवाय. हातात एक प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात मांदेलीचा एक वाटा. सासूबाईंच्या स्टुलावर ती स्वतः बसली आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. "आज तू साफ कर. मी सांगते." सासूबाई खरोखरच खाली लादीवर मांडी घालून बसल्या. चाकू कसा धरायचा इथपासून तयारी. मावशी मधूनमधून "डोकं असं नाय, उलटं धर" असं सांगत होती आणि त्या अगदी नवख्या मुलीसारखं ऐकत होत्या.

झालं होतं असं, की मावशीने हॉटेलवाल्याला हो सांगितलं होतं, पण होडी कापायच्या आधी आपण तिच्यात बसून एकदा दर्यात जाऊन येणार, असंही सांगितलं होतं. दिराने आकांडतांडव केलं. अर्धा कोळीवाडा बोलायला आला. मावशीने सगळ्यांना एकच उत्तर दिलं: होडी माज्या नावावर हाय. "तुजा पोर्‍या गाढव," ती सासूबाईंना म्हणाली. "घड्याळ एकदा वाजवून बघायचं आणि मग इकायचं. माळ्यावर टाकायला कुनी सांगितलं होतं त्याला?"

मग तिने सगळं सांगितलं. किनारा सुटतो न सुटतो तोच तिला उलट्या सुरू झाल्या. जन्माची कोळीण, आणि होडीच्या कडेला तोंड लावून बसली. दोन्ही खलाशी तोंड फिरवून हसत होते आणि दीर डोक्याला हात लावून बसला होता. काकू म्हणाल्या, "लिंबू न्यायचं ना हो बरोबर." त्या आता दारापर्यंत येऊन उभ्या होत्या, नाकाला पदर नव्हता.

"पाण्यातला मासा दिसला का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाय गो. पानी कालं. खाली कायच दिसत नाय. जाळं वर आलं तवा दिसला, तो माज्या पाटीतला असतो तसाच." तिने पदराने तोंड पुसलं. "पन मागं वळून बघितलं तर आख्खं वेसावं एवढंसं." तिने साफ केलेली एक मांदेली चिमटीत धरून दाखवली. "एवढ्याशा जागेत मी चाळीस वर्सं भांडले."

एवढं बोलून ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग आम्ही सगळ्याच हसलो. तोवर सासूबाईंच्या नऊ मांदेल्या झाल्या होत्या. बाकीच्या मी संध्याकाळी केल्या. जाताना मावशीने सासूबाईंचे मासळीने भरलेले हात आपल्या हातांत घेतले आणि म्हणाली, "येते गो बाय," आणि ती आली नाही. गुडघे बरे झाले, छप्पर झालं, सुनेने तिला पाटीला हात लावू दिला नाही. वर्षभराने आम्ही त्या हॉटेलात गेलो. अर्ध्या होडीत सहा माणसं बसतात. आतून निळा रंग दिलाय. नवऱ्याने पापलेट मागवलं आणि तोंडभरून कौतुक केलं. तिथल्या वेटरने सांगितलं की होडीची मालकीण उद्‌घाटनाला आली होती, पण तिने मासा हुंगून बघितला आणि ताटाला हात लावला नाही.

सासूबाई जाऊनही आता सहा वर्षं झाली. ते बिनकव्हरचं पुस्तक माझ्याकडे आहे. मी त्याचा खरा शेवट पुष्कळदा वाचला, पण त्या बर्फात पडलेल्या माणसासाठी मला रडू येत नाही. मला आठवतो तो दुसराच शेवट: धडधाकट गुडघ्यांचा एक म्हातारा, मऊ खुर्ची, ऊन, आणि त्याला न आठवणारं घड्याळ. तो कुठेही छापलेला नाही. तो ऐकलेली वहिनी-काकू मंडळी नव्या इमारतीच्या वेळी पांगली, कोण दिंडोशीला, कोण मुलुंडला. एक मी उरले, एक ती वेसाव्याची बाई.

मावशी शेवटची येऊन गेल्यानंतरच्या बुधवारी सासूबाई सवयीने अकरा वाजता स्टूल घेऊन दारात बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, "शेवट तुम्ही बदललात ना?"

"सुधारला," त्या म्हणाल्या.

"पण होडी विकली की ती यायची बंद होणार, हे माहीत होतं तुम्हाला. पुस्तकातलं जसंच्या तसं वाचलं असतंत तर ती राहिली असती."

त्या रिकाम्या जिन्याकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "चौतीस वर्षं मी पोरांना सांगत आले, पैशामागे जाऊ नका म्हणून. त्यांतल्या एकाच्याही आईचे गुडघे मी कधी पाहिले नव्हते गं."

मग त्या उठल्या, स्टूल उचललं आणि दार लावून घेतलं.